बोटाला मशीन आहे, मग पोराला कशाला विचारता?

बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असताना किती दम लागला हे मुलालाच का विचारायचं, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. मी पुण्यात लहान मुलांची फिजिओ आहे, दम्याची मुलं येतात, त्यांना कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवते आणि मग विचारते, किती दम लागला? की लगेच आईबाबा, मॅडम ऑक्सिमीटर लावलाय ना, त्यात दिसतंय की.

त्यात ऑक्सिजन दिसतो हो, दम नाही दिसत. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९७ टक्के आणि पोरगं खांदे उचलून उचलून श्वास घेतंय, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

पण विचारायचं कसं, खरं घोडं तिथे अडतं. मोठ्यांसाठी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांची, किती श्रम वाटले ते आकड्यात सांगायची ६ ते २० ची पट्टी आहे, सहापासून का तर पुढे शून्य लावलं की साधारण नाडीचे ठोके येतात, ६ म्हणजे ६० आणि २० म्हणजे २००. मला ती फार आवडते, पण सात वर्षांच्या पोराला तेरा आणि पंधरातला फरक काय सांगणार? म्हणून मुलांसाठी ० ते १० ची ओम्नी पट्टी आहे, तिच्यात चढावर सायकल मारणारं मूल काढलंय, वर जाईल तसं जास्त थकलेलं. मी सोबत आमच्या पर्वती टेकडीचं उदाहरण सांगते. खाली पायथ्याशी उभा आहेस ते शून्य, सगळ्या पायऱ्या पळत चढलास आणि आता बोलवतही नाही ते दहा. हे चालायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. आणि पाय किती दुखले ते वेगळं विचारायचं, नाहीतर मुलं दोन्ही एकत्र करून टाकतात.

एक आठ वर्षांचा मुलगा नुसता खुर्चीत बसलेला असतानाही दहा म्हणायचा. दर वेळी दहा. शेवटी विचारलं का रे, तर म्हणाला, दहापैकी दहा चांगले ना? त्या दिवसापासून माझं पहिलं वाक्य ठरलंय, बाळा हे मार्क नाहीयेत, बरोबर-चूक काही नाही.

याच्या उलट एक मुलगी, नाकपुड्या फुललेल्या तरी सारखं शून्य. दम लागला म्हटलं की डान्स क्लास बंद होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि आई समोरच उभी. आईंना म्हटलं, ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का. मग तिच्यापुढे डलहौसी पट्टीची, म्हणजे दम कसा आणि किती लागतो ते दाखवणारी, चित्रं ठेवली, त्यात छाती आवळणं, घसा बंद होत जाणं असं वेगवेगळं, वाढत्या क्रमाने काढलेलं असतं. छातीच्या चित्रांकडे तिने नीट पाहिलंसुद्धा नाही. घशाच्या रांगेत सरळ पाचव्या चित्रावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, इथे अडकतं, पण आईला नका सांगू.

आईला सांगावं लागलंच, पण आधी तिला विचारून. आणि डॉक्टरांना लिहिलेल्या चिठ्ठीत मी आकडा खाली लिहिला, 'घशात अडकतं' हे तिचे शब्द वर.