गोवा, सटायवा आणि बारा तासांचा दिवस

हणजूणला शॅकवर बसलेला कुठलाही जाणकार तुम्हाला सांगणार की सटायवा, म्हणजे गांजाची एक जात, हे विषुववृत्ताकडचं झाड, आणि गोव्यात ऊन आहे, दमट हवा आहे, नारळ आहेत, मग अजून काय पाहिजे, बी टाकलं की माजणार. मला ओढण्यातलं काही कळत नाही, मी फोंड्यात शेवंती लावणारा माणूस, पण झाडं दिवसरात्रीचा हिशेब कसा ठेवतात ते थोडंफार माहितीय, त्यामुळे हे ऐकलं की गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट, गोवा विषुववृत्तावर नाही हो. आपण 15 अंश उत्तरेला. जूनमध्ये दिवस साधारण 13 तासांचा आणि डिसेंबरात 11 तासांहून जरासा मोठा. फरक छोटा वाटतो पण झाडाला पुरतो. गांजाचं झाड शेवंतीसारखंच, रात्र लांबायला लागली की फुलावर येणारं. शेवंतीच्या कुंडीवर रात्रभर रस्त्यावरचा दिवा पडत असेल तर ती कळ्या धरत नाही, नुसती पानं काढत बसते, बघा कधी.

विषुववृत्तावर मात्र वर्षभर दिवस बारा तासांचाच, वर काही मिनिटं. ऋतू ओळखायला झाडाच्या हाताला काहीच लागत नाही, त्यामुळे तिकडच्या जाती सावकाश चालतात, वाढणं आणि फुलणं बरोबरच सुरू, आणि नुसत्या फुलोऱ्यालाच तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. उंच, पानं बारीक, फुलं विरळ. हीच जात युरोपात उघड्यावर लावली तर तिकडे उन्हाळ्यात दिवस सोळा तासांचे, फूल धरेपर्यंत सप्टेंबर उजाडतो आणि मग थंडी येऊन सगळं खलास. उलट तिकडची दोरखंडाची हेम्प, म्हणजे धाग्यासाठी लावायची गांजाचीच जात, इकडे आणली तर आपले दिवस तिला इतके छोटे की गुडघाभर व्हायच्या आतच फुलून मोकळी, धागा कुठून मिळणार?

पणजीत ज्याच्या नावाची बाग आहे त्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानं 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या पुस्तकात भांगेवर एक प्रकरण लिहिलंय, आणि त्यात तो स्पष्ट म्हणतो की हे आमच्याकडचं हेम्पचं झाड नव्हे, याचं बी बारीक, दांडा लाकडासारखा आणि साल कमी. माणसाची नजर काय असेल! (त्याच प्रकरणात गुजरातचा सुलतान बहादूरशहा सांगतो की रात्री पोर्तुगाल, ब्राझील फिरून यायचं असेल तर आपण थोडी भांग खातो. व्हिसाची भानगडच नाही.)

आता पाऊस. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. हल्ली लोकांना हवी असतात तसली फुलांची घट्ट कणसं असल्या दमट हवेत आतून बुरशीनं सडतात, विरळ फुलाच्या जाती त्यातल्या त्यात तगतात. इंग्रजांच्या काळात आपल्या बाजूला परवान्यावर गांजाचं पीक निघायचं ते कुठे, तर नगरकडे आणि खांडव्याकडे, म्हणजे पाऊस संपला की कोरडी हवा असलेल्या भागात. इंग्रजांनी गांजा-भांगेवर नेमलेल्या 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या चौकशीत हे भाग आहेत. कोकणपट्टीला ते पीक नेलं नाही यात मला तरी काही नवल वाटत नाही.

आणि हे वाचून कुणी गच्चीत कुंडी मांडू नका प्लीज. 1985 चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा, कलम 20, लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. भांगेची पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत हे खरं, पण झाड लावायला त्यानं परवानगी मिळत नाही.

2020 च्या शेवटी आपल्या सरकारात गांजाच्या औषधी लागवडीचा प्रस्ताव फिरत होता, कायदा खात्यानं तो तपासला म्हणून बातमी आली, मग एवढा गदारोळ झाला की विषय मागे पडला. तेव्हाही ‘गोव्याचं हवामान आयडियल’ वगैरे चाललेलं. औषधासाठी दर वेळचं पीक अगदी एकसारखं लागतं, म्हणजे बंद शेड, टायमरवरचे दिवे, हवेतला ओलावा ओढायची मशीन, मग बाहेर गोवा असला काय आणि ग्वाल्हेर असलं काय. खरा प्रश्न विजेचा आहे, आणि आमच्याकडे पहिल्या वळवाच्या पावसाला जी लाईट जाते ती कधी येईल ते लाईनमनलाही सांगता येत नाही.