गाव तीन किलोमीटर सरकलं आणि ज्वारी गेली

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. पुढं पुनर्वसन झालं, ज्याची जेवढी जमीन तशी 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांची घरं मिळाली. घर मिळालं हे मोठंच झालं, पण शेत होतं तिथंच राहिलं आणि आम्ही तीन किलोमीटर लांब गेलो.

तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही पण सगळं पीक त्या तीन किलोमीटरनं बदललं. ज्वारीला राखण लागते, हुरड्यात आली की दिवसभर पाखरं आणि रात्री रानडुकरं, आधी आजी भाकरी टाकता टाकता उठून गोफण फिरवून यायची, आता तीन किलोमीटर कोण जाणार? नवीन घराला गोठ्याला जागा नाही म्हणून जनावरं विकली, जनावरं गेली मग कडबा कशाला, आणि कडबा नको तर ज्वारी तरी कशाला!

त्याच वर्षांत आमच्याकडं सोयाबीन आलं. पाखरं खात नाहीत, शंभर दिवसांत रान मोकळं, गुत्त्यानं, म्हणजे ठोक मजुरी ठरवून, काढायला द्यायचं, आणि लातूरला तेलाच्या मिल आहेतच घ्यायला. दुकानदार बियाण्याची बॅग, खत, तणनाशक सगळं उधार द्यायचा, वहीत दादांचा अंगठा घ्यायचा आणि माल पण आम्ही त्याच्याच आडतीला घालायचा. एका वर्षी दादा म्हणाले, यंदा दोन एकर उडीद टाकतो. तो म्हणाला, "उडदाला उधारी नाही, पाटील." बस, तिथंच ठरलं आमच्या रानात काय पेरायचं ते. करडई तर माझ्या पोरीनं बघितलेली पण नाही.

आणि भावाचं काय, 2021 च्या ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलला 10,000 च्या वर गेलं, कोंबडी खाद्यवाल्यांनी ओरड केली, सरकारनं 12 लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, आमचा माल आडतीला पोचेपर्यंत भाव निम्म्यावर. ज्याच्या घरात खायची ज्वारी असते तो थांबू शकतो, आम्ही ज्वारी पण विकत आणतो, आम्ही कसं थांबणार?

मी बियाण्याच्या कंपन्यांना शिव्या देत नाही, सोयाबीननंच माझं शिक्षण झालं. पण बियाणं तरी आपलं पाहिजे ना, सोयाबीनचं घरचं बी चालतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, सांगून दुकानाची बॅग कशी खपणार.

दोन वर्षांपासून परभणी कृषी विद्यापीठाचं एमएयूएस 71 हे सोयाबीनचं वाण बियाण्यासाठी घरीच राखतोय. गेल्या आठवड्यात दादांनी उगवण बघायला 100 दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळले, रोज पाणी शिंपडलं, आज सकाळी अंगणात उघडून एकेक मोड मोजत बसले होते, 70 उगवले तरी चालतं म्हणतात. 83 भरले. दुकानात यंदा फक्त खताला जायचंय, आणि बांधाकडंच्या अर्ध्या एकरात आईला खायपुरती ज्वारी पाहिजे, तिची राखण मी करणार आहे, मोटरसायकलनं.