अर्ध्याचं अर्धं

संध्याकाळी साडेपाचला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री साडेदहाला अजून अंगात फिरत असतं. निरोगी माणसाच्या शरीरात कॅफिनचं हाफ लाइफ, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण पाच तास धरतात. कुणाचं तीन, कुणाचं सात. गरोदरपणात ते बरंच लांबतं आणि सिगारेट ओढणाऱ्याचं, अन्याय बघा, कमी होतं. पहाटे साडेतीनला आपण पंख्याकडे बघत पडलेलो असतो, तेव्हाही त्यातला पाव हिस्सा आपल्यासोबत जागाच असतो.

कारण पाच तासांत अर्धं गेलं म्हणून दहा तासांत सगळं जात नाही. दुसऱ्या पाच तासांत जातं ते उरलेल्याचं अर्धं. पुढच्या पाचांत त्याचं अर्धं. हाफ लाइफ असतं, पण त्याच्या दुप्पट असं फुल लाइफ नसतं, ही गोष्ट बीएस्सी झालेल्यांच्याही पटकन पचनी पडत नाही.

आमच्या आत्याला थायरॉइडसाठी आयोडीन-131 हे किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं. त्याचं हाफ लाइफ आठ दिवस. घरी येताना हातात सूचनांचा कागद: काही दिवस झोपायला वेगळी खोली, ताट-वाटी-भांडं वेगळं, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब, पाणी भरपूर, संडासात दोनदा फ्लश. कागद वाचून आत्या म्हणाली, "घ्या! साठीत पुन्हा बाजूला बसायची पाळी आली." नातू उंबऱ्यापलीकडे उभा राहून "आजी, दिवा घालवू का? तू चमकतेस का बघायचंय," म्हणून मागे लागला होता.

आत्याचा हिशेब सरळ होता. आठ दिवसांत अर्धं, म्हणजे सोळाव्या दिवशी मी मोकळी. डॉक्टरांनी समजावलं की नुसतं आयोडीनचं बघितलं, तर सोळाव्या दिवशी पाव उरतं. पण आयोडीन बाटलीत नाही, तुमच्यात आहे. ते आपणहून झिजतंय आणि वर लघवीवाटे बाहेरही पडतंय, त्यामुळे प्रत्यक्षात आठ दिवसांच्या आतच निम्मं होतं. म्हणून तर एवढं पाणी प्यायचं. "पण संपतं कधी ते सांगा की," आत्या. त्यावर डॉक्टरांनी कागदावर अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं असं करत दहा पायऱ्या मांडून दाखवल्या. दहाव्या पायरीला हजारावा हिस्साही उरत नाही. आत्याचं समाधान झालं नाही, पण तिने दूधवाल्याच्या खात्यासारखा तो कागद जपून ठेवला.

मला यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट वाटते ती म्हणजे अणूला म्हातारपण नाही. आयोडीनचा एखादा अणू आठ दिवस टिकला, सोळा दिवस टिकला, तरी पुढच्या आठ दिवसांत तो फुटण्याची शक्यता तेवढीच, निम्मी. त्याचं वय कुणी विचारत नाही. पुढचा कुठला फुटेल ते सांगता येत नाही; कोट्यवधी एकत्र घेतले की मात्र निम्मे कधी जातील ते चोख सांगता येतं.

लासलगावला हा हिशेब कांद्याला लागतो. तिथल्या 'कृषक' केंद्रात 2002 पासून कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरणांचा हलका मारा देतात. 2007 मध्ये अमेरिकेला आंबा गेला, तोही इथूनच किरणं खाऊन. किरणं येतात कोबाल्ट-60 मधून आणि त्याचं हाफ लाइफ सव्वापाच वर्षं. म्हणजे विकिरण केंद्र चालू असो वा बंद, कोबाल्ट महिन्याला सुमारे एक टक्का खर्च होतच राहतो. हंगाम असो नसो, त्याला सुट्टी नाही. स्रोत क्षीण होईल तसा माल जास्त वेळ किरणांत ठेवायचा, नाहीतर नवा कोबाल्ट भरायचा. कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही, हे आमच्याकडे अजून बऱ्याच जणांना पटवावं लागतं.

कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनचा मामला संथ. 5730 वर्षं. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणून काढली. तसल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतल्या कोळशात मूळच्या कार्बन-14 पैकी जवळजवळ 70 टक्के अजून शिल्लक असतो. उरलेल्या कार्बन-14 वरूनच अशा वस्तूंचं वय काढतात. गंमत म्हणजे ही पद्धत शोधणाऱ्या विलर्ड लिबी यांनी 5568 हा आकडा धरला होता. त्यांना 1960 चं नोबेल मिळालं, पुढे अचूक आकडा निघाला, तरी प्रयोगशाळा संकेत म्हणून कच्चं वय अजून 5568 नेच काढतात आणि मग दुरुस्त करून घेतात. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या निम्म्या गावाची शाळेतली जन्मतारीख 1 जून असते, तसंच हे.

हल्ली मात्र हाफ लाइफ कशालाही लावतात. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये 'कौशल्याचं हाफ लाइफ' नावाची स्लाइड ठरलेली. अहो, जेवढं उरलंय त्याच्या प्रमाणात जात असेल, तिथेच हे माप चालतं. दारूलासुद्धा ते धड लागू पडत नाही. रक्तातली दारू थोडी असो की फार, यकृत ती आपल्या ठरलेल्या वेगाने तासातासाला काढत बसतं. स्लाइडवर मात्र वर्षांचा ठळक आकडा असतो. कौशल्य निम्मं झालं ते मोजलं कशाने, असं विचारलं की पुढची स्लाइड येते.