मांडणीवर उभा असलेला मजला

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. त्यानंतर महिनाभर मी रोज तीन-चार इमारती तपासत होतो. त्यातली एक अजून डोक्यातून जात नाही.

खाली दुकान, वर माळा, चुन्यात बांधलेल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती, सागवानी खांब आणि मंगलोरी कौलं. रस्त्याकडचं दार फळ्यांचं, एकेक फळी काढून उघडायचं. भाडेकरू काका दुसऱ्या पिढीतले, मालक मुंबईला. मालकांना इमारत सी-१ असल्याचा दाखला हवा होता.

ही धोकादायक इमारतींची वर्गवारी. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-२बी म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्त करा. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. एका अक्षरावर दुकान राहतं किंवा जातं.

आमच्या धंद्यातल्या छापील नमुन्यात रिबाउंड हॅमरचे आकडे भरायचे असतात. ते ठोका मारून मजबुती मोजणारं यंत्र काँक्रीटसाठी आहे. जांभ्यावर मारलं तर आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो. तरी तो काँक्रीटच्या तक्त्यात बसवलेले अहवाल मी पाहिले आहेत. हा अन्याय आहे, आणि त्यावर सही आमच्यासारख्यांचीच असते. जुनी इमारत हातानेच तपासावी लागते. लाकडावर हातोडी ठोकून आवाज भरीव येतो की पोकळ ते ऐकायचं. गिरमिटाने भोक पाडून भुसा बघायचा, कोरडा पिवळा की काळा ओला. गिलावा उचकटून दगड बघायचा.

इथे भिंतीच्या खालच्या चार फुटांवर सिमेंटचा गिलावा होता, २००५ च्या पुरानंतर केलेला. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं, मग ओल आतच राहिली आणि खांबांच्या बुडाशी गेली. पुरापेक्षा त्या दुरुस्तीनेच जास्त नुकसान केलं होतं.

तिसरा खांब मांडणीच्या मागे होता. फुगलेली मांडणी काढायला काकांनी सुतार लावला होता. मी वाकून खांबाच्या बुडात पेचकस घातला, तो मुठीपर्यंत आत गेला. तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, लाकूड उरलंच नव्हतं, नुसता भुगा. खांब वरच्या तुळईला लोंबकळत होता.

मग माळ्याचं वजन कशावर? मी वर पाहिलं. मांडणीचे जाड उभे दांडे थेट तुळईपर्यंत ठासून बसवलेले होते. सुताराने दोन दांडे काढले होते आणि तिसऱ्याला पहार लावली होती.

"थांब! हात लावू नकोस!"

सगळ्यांना रस्त्यावर काढलं. सुताराच्या ओळखीने सागाच्या बल्ल्या आल्या. वर-खाली जाड फळ्या घालून चार टेकू उभे केले आणि पाचरी थोड्या-थोड्या आलटून-पालटून ठोकल्या. एकदम ठोकल्या तर एका टेकूवर सगळा भार येतो. शेवटी तुळई किंचित कुरकुरली. वजन उतरल्याची ती खूण. सुताराचे हात त्या वेळी माझ्यापेक्षा स्थिर होते.

काका म्हणाले, "साहेब, म्हणजे रोज ज्या फळीवरून साबण काढून द्यायचो, तिच्यावर मजला उभा होता?"

"हो काका."

बाकीचे खांब ठणठणीत, भिंती ओळंब्यात. कुजलेला भाग कापून नवा सागवानी तुकडा सांधून तळखड्यावर बसवायचा, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायचा. असं काम मी केलेलं आहे. सी-१ लिहिण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मालकांना मी तसं तोंडावर सांगितलं. पण सी-२ए की सी-२बी? टेकू पक्के होते. मात्र पावसाळा संपलेला नव्हता, आणि वाशिष्ठीचं पाणी पुन्हा चढलं असतं तर? मी सी-२ए लिहिलं.

काकांनी आठवडाभरात दुकान रिकामं केलं. दुरुस्तीनंतर परत येण्याचा त्यांचा हक्क कागदावर आहे. दुरुस्ती मात्र सुरूच झाली नाही. सी-२बी लिहिलं असतं, तर ते आतच राहिले असते आणि कदाचित मालकांवर कामाचा दबाव राहिला असता. किंवा एखाद्या रात्री काही वेगळंच घडलं असतं. दोन्ही बाजू मी अजून मांडून बघतो.

मागच्या वेळी तिथून जाताना दाराच्या फटीतून आत पाहिलं. भिंतीत पिंपळ रुजलाय. माझे टेकू अजून वजन धरून आहेत. महिनाभरासाठी लावले होते. त्यांचीही बुडं आता ओलीत आहेत.