चूक खोडण्यापूर्वी

माझी मुलगी सहा वर्षांची असताना मी तिला ‘पंचवीस’ लिहायला सांगितले आणि तिने ५२ लिहिले. मी ते खोडले, शेजारी २५ लिहून दाखवले आणि तिच्याकडून पाच वेळा लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी ‘चौतीस’ सांगितल्यावर तिने ४३ लिहिले. तेही मी खोडले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले, तेव्हा मात्र खोडरबर उचलण्याआधी मी तिला विचारले, “हे तू कसं ठरवलंस?” ती म्हणाली, “आई, आपण आधी ‘चौ’ म्हणतो ना? मग आधी चार.”

तिचे ऐकणे अचूक होते. मराठीत एकवीसपासून पुढच्या जवळजवळ सर्व संख्यांच्या नावांत एकक आधी येतो आणि दशक नंतर, पण लिहिताना दशक डावीकडे, म्हणजे आधी लिहावा लागतो. कानाला ऐकू येणारा क्रम आणि डोळ्यांना दिसणारा क्रम असा उलटसुलट असल्याचे आपण मोठी माणसे कधीच विसरून गेलेलो असतो. जर्मन भाषेतही पंचविसाला ‘पाच आणि वीस’ याच क्रमाने म्हणतात आणि तिथली लहान मुलेही अंकांची अशीच अदलाबदल करतात. उलट चिनी भाषेत ‘दोन दहा पाच’ असे सरळ नाव असल्यामुळे तिथल्या मुलांना ही अडचण येत नाही. म्हणजे माझ्या मुलीचे गणित कच्चे नव्हते. ती भाषेचा नियम लिखाणाला लावून पाहत होती, आणि मी पाच-पाच वेळा लिहून घेऊन तिला एवढेच शिकवत होते की आपल्या विचाराला काही अर्थ नसतो. याचे मला आजही वाईट वाटते.

त्या दिवसापासून घरी अभ्यास घेण्याची माझी पद्धत बदलली. वर्गात तीस-चाळीस मुले असतात आणि प्रत्येकाला प्रत्येक चुकीमागचे कारण विचारणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नसते. घरात मात्र एका मुलासमोर एक मोठे माणूस बसलेले असते. घराजवळ ही एकच गोष्ट शाळेपेक्षा जास्त आहे, आणि आपण ती वापरत नाही. शाळेत झालेलेच पुन्हा एकदा, अधिक थकलेल्या मुलाकडून आणि अधिक अधीर आवाजात करून घेतो.

पंचविसाचे पुढे काय केले ते सांगते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्याने बांधले. पंचवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या. काही दिवस आम्ही प्रत्येक संख्येला दोन नावे दिली: “वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस.” मग जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या. लांब पट्टीवर २०, छोट्या पट्टीवर ५, आणि छोटी पट्टी लांब पट्टीच्या शून्यावर बरोबर बसेल अशी. पाचाची पट्टी शून्यावर ठेवली की २५ दिसते, उचलली की खालचा वीस पुन्हा दिसतो. पंचविसातला दोन हा खरे तर वीस आहे, हे तिला त्या पट्टीने एका संध्याकाळी पटवले; ‘एकक-दशक’ या शब्दांनी ते महिनाभरात झाले नव्हते.

मग ‘एकोण’ने सुरू होणाऱ्या संख्या आल्या. ‘एकोणतीस’ ऐकल्यावर ती ३९ लिहू लागली, कारण तिला शेवटी ‘तीस’ ऐकू येत होते. ‘एकोण’ म्हणजे एकाने ऊन, एकाने कमी, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. आम्ही तीस काड्या मांडल्या, एक काढून घेतली आणि उरलेल्या मोजल्या. तिचा चेहरा उजळला आणि त्यानंतर ती स्वतःच एकोणचाळीस, एकोणपन्नास असे करत एकोणनव्वदपर्यंत पोहोचली आणि पुढे मोठ्याने म्हणाली, “एकोणशंभर!” उजळणीच्या दृष्टीने ही चूक आहे, कारण आपण नव्व्याण्णव म्हणतो. परंतु पाठांतर करणारे मूल ‘एकोणशंभर’ कधीच म्हणणार नाही. ज्याला नियम सापडला आहे तेच म्हणेल. मी तिला आधी तसे सांगितले आणि नंतर नव्व्याण्णव हा शब्द दिला.

धाकट्या मुलाबाबतीत मी थोडी अधिक सावध होते. तीन वर्षांचा असताना तो एक ते वीस घडाघडा म्हणे आणि घरातील सर्वांना कौतुक वाटे. एकदा मी त्याच्यापुढे सात बटणे ठेवली. त्याने बोट लावत नीट मोजली. “मग किती बटणं आहेत?” असे विचारल्यावर त्याने उत्तर देण्याऐवजी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. रोशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीमागची जी तत्त्वे मांडली, त्यांतील एक नेमके येथे लागू पडते: मोजताना शेवटी उच्चारलेली संख्या ही संपूर्ण समूहाची संख्या असते. प्रत्येक वस्तूला एकच नाव द्यायचे, नावांचा क्रम बदलायचा नाही, मोजणी कोणत्याही वस्तूपासून सुरू केली तरी उत्तर तेच येते, ही आणखी काही तत्त्वे. मोठ्यांना ती इतकी उघड वाटतात की ती शिकावी लागतात याची आपल्याला कल्पनाच नसते. मुलाला हे समजले आहे की नाही, ते पाहण्याची सोपी रीत म्हणजे “मला चार बटणं दे” असे सांगणे. ज्याला अजून उमगलेले नाही ते मूल मूठभर बटणे आणून देते. अशा वेळी वीस, पन्नास, शंभर असे पुढे जाण्याऐवजी तीन आणि चार यांच्याशीच भरपूर खेळावे, असे माझे ठाम मत आहे.

खेळाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयातील मुले एका सरळ ओळीतल्या एक ते दहा आकड्यांच्या पटावर खेळली. दोन आठवड्यांत जेमतेम चार बैठका झाल्या, प्रत्येक पंधरा-वीस मिनिटांची, तरी मुलांची संख्यांची समज स्पष्टपणे सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. तोच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांना तसा लाभ झाला नाही. त्यात एक बारकावा होता. सोंगटी तिसऱ्या घरात असून दोन घरे पुढे न्यायची असतील, तर “एक, दोन” असे न म्हणता घरांवरचे आकडे, म्हणजे “चार, पाच”, असे म्हणायचे होते. आम्ही पुठ्ठ्यावर असा पट आखला आणि तो बारकावा पाळला. बेरजेच्या वेळी मुलगा पहिली संख्या पुन्हा एकपासून मोजत बसत नाही, याचे श्रेय मी त्या पुठ्ठ्याला देते.

वाचनाकडे वळते. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधी मांडणी केली: वाचन म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर गुणाकारही शून्यच येतो. मराठी लिपीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ असल्यामुळे आपली मुले उकल करायला तुलनेने लवकर शिकतात, आणि यातच एक फसगत दडलेली आहे. मुलीने एकदा पूर्ण पान न अडखळता वाचले आणि मी आनंदाने विचारले की गोष्टीतल्या मुलाने शेवटी काय केले. तिला काहीच सांगता आले नाही. तिचे सगळे लक्ष काना, मात्रा आणि वेलांट्यांवर खर्च झाले होते. तेव्हापासून तिने एक परिच्छेद वाचला की तोच मी तिला वाचून दाखवते आणि मग आम्ही त्यावर बोलतो.

अर्थात उकलीतही अवघड जागा आहेत, आणि मूल कुठे अडले आहे हे त्याच्याजवळ बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही तीन अक्षरे प्रत्येकी पूर्ण ‘अ’ लावून म्हणणाऱ्या मुलाला ती जोडल्यावर ‘कमळ’ ऐकू येतेच असे नाही, कारण आपण बोलताना शेवटचा ‘अ’ गाळतो. ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तिचा उच्चार नंतर होतो. ‘चाक’मधला च आणि ‘चित्र’मधला च लिहायला एकच, उच्चाराला वेगळे. ‘र’ तर कधी अक्षराच्या डोक्यावर बसतो, कधी पायाशी तिरका जातो. हे सगळे एकदम सांगून उपयोग नसतो. मूल ज्या जागी थांबते, त्या जागेपुरतेच सांगावे.

अक्षरे दाखवण्याच्या कितीतरी आधी ध्वनींशी खेळता येते, आणि त्यासाठी वहीसुद्धा लागत नाही. ‘कमळ’मधून ‘म’ काढला तर काय उरते? कळ. ‘वादळ’मधून ‘वा’ काढला तर? दळ. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द शोधणे तर जिन्यावर चढता चढताही जमते. ज्या मुलाचा कान असा तयार झालेला असतो, त्याला अक्षर म्हणजे ओळखीच्या आवाजाचे चित्र वाटते.

मोठ्याने वाचून दाखवणे हे बहुतेक घरांत होते, परंतु कसे वाचावे याचाही विचार झाला आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रांची पुस्तके वाचताना थोडा बदल करायला सांगितला: हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न कमी करायचे, “इथे काय चाललंय?” असे मोकळे प्रश्न विचारायचे आणि मुलाने जे सांगितले त्यात थोडी भर घालून ते परत म्हणायचे. केवळ एका महिन्यात त्या मुलांच्या बोलण्यात फरक दिसून आला. मुलगा “कुत्रा पळाला” म्हणाला की मी “हो, पावसाला घाबरून कुत्रा पलंगाखाली पळाला” असे म्हणते. “नीट पूर्ण वाक्यात सांग” असे म्हणत नाही. आणि मूल स्वतः वाचू लागले म्हणून आपण वाचून दाखवणे थांबवू नये. मी ते थांबवले होते आणि मुलीला पुस्तकांचा कंटाळा येऊ लागला, कारण तिला वाचता येणारी पुस्तके तिच्या समजेच्या मानाने फार लहान होती आणि समजणारी पुस्तके वाचता येत नव्हती. पुन्हा वाचून दाखवू लागल्यावर ती दरी भरली.

लेखनाबद्दल थोडे. हात तयार नसताना गिरवण्याची पाने भरून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. माती मळणे, कागद फाडणे, कात्रीने कापणे हे सर्व लेखनाचेच पूर्वकार्य आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत असत आणि त्यांतली अनेक मुले वाचण्याच्या आधी लिहू लागली. पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून त्यावर वाळू भुरभुरवली की असे अक्षर घरीही तयार होते.

मुलगी स्वतःच्या मनाने लिहू लागली तेव्हा तिने ‘सिंह’ हा शब्द ‘सिंव्ह’ असा लिहिला. एकदा स्वतःच म्हणून पाहा: आपण सगळे ‘सिंव्ह’च म्हणतो. चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या, शाळेत न गेलेल्या मुलांचे असे स्वयंरचित स्पेलिंग तपासून दाखवले होते की त्यात मनमानी नसते. उच्चारातले जे साम्य मोठ्यांच्या कानांनी टिपणे सोडून दिलेले असते, ते मुलांना ऐकू येते आणि ती त्यानुसार लिहितात. म्हणून मी दोन नियम केले. एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करायची, आणि कुणाला उद्देशून लिहिलेल्या मजकुराला हात लावायचा नाही. एका दुपारी खोलीच्या दारावर चिठ्ठी चिकटवलेली होती: “मि झोपले उटवु नका”. तीन चुका होत्या. आम्ही तिला उठवले नाही. आपण लिहिले की जगात काहीतरी घडते, हे तिला त्या दुपारी कळले, आणि त्यानंतर घरात चिठ्ठ्या थांबल्या नाहीत.

शांतपणे विचारूनही चुकांमागे काही सूत्र सापडत नसेल, तर आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. सहा-सात वर्षांपर्यंत अंक किंवा अक्षरे उलटी काढणे सर्रास आढळते आणि त्याने घाबरून जाऊ नये. मात्र त्यापुढेही प्रत्येक शब्दाशी झगडा चालूच राहिला, तर मूल आळशी आहे असे ठरवण्याऐवजी तज्ज्ञांना भेटावे.

आता मी एक छोटी वही ठेवते. त्यात मुलांच्या चुका जशाच्या तशा उतरवते आणि शेजारी “कसं ठरवलंस?” या प्रश्नाला मिळालेले उत्तर, त्यांच्याच शब्दांत. रोज दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ यात जात नाही, आणि मी स्वतः थकलेली असेन तर त्या दिवशी हा प्रश्न विचारतही नाही, कारण तो कुरकुरत्या आवाजात विचारला की मुलांना त्यात रागच ऐकू येतो. मागच्या पालकभेटीत ती वही मी बाईंना दाखवली. ‘एकोणशंभर’पाशी त्या थांबल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गात सर्वांना विचारले की नव्व्याण्णवला आपण असे का म्हणत नाही. मुलीने घरी येऊन सांगितले, “आई, आणखी चार जणांना पण तसंच वाटत होतं.”