साडेअकरा क्विंटल कापसात महिनाभर व्हिएतनाम

परदेशवारीचा खर्च मी रुपयांच्या आधी कापसात काढला. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती, जोडीला गावातच माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्यानं हातावर ठेवले ७,१००. त्या भावानं महिनाभराचं व्हिएतनाम साडेअकरा क्विंटलला पडत होतं. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "येवढ्यात तं मोटर-पाइप दोन्ही येते ना बे."

खरंच येते. म्हणून पहिला नियम असा केला की शेतीच्या पैशाला हात लावायचा नाही. दुकानातून महिन्याला ३,००० रुपयांचं आरडी दोन वर्षं चालवलं होतं. व्याजासकट सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास जमले, वरचे चार-पाच हजार दुकानाच्या गल्ल्यातून. एकूण ८१,०००. याच्यावर एक रुपया नाही.

देश निवडताना नेपाळचा विचार सगळ्यात आधी आला. आपल्याला तिथं व्हिसा लागत नाही, पासपोर्टाऐवजी मतदार ओळखपत्रही चालतं. पण मला समुद्रापार जायचं होतं. युरोपचं नाव काढायचंच नव्हतं. शेंगेन व्हिसाची नुसती फी ९० युरो, नाकारला तरी ती परत मिळत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरचा आणि ९० दिवसांपर्यंत मिळतो. डोंग हे तिथलं चलन, रुपयाला तेव्हा २९० डोंगांच्या आसपास भाव होता. शिवाय देश उभा आणि चिंचोळा. वरून हनोईला शिरायचं, खाली सायगावहून (म्हणजे हो ची मिन्ह सिटीहून) निघायचं, गेलेल्या वाटेनं परत यायचं काम नाही.

महिना कोणता, हे शेतीनंच ठरवलं. तूर जानेवारीत घरात आली. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, तेव्हा घरी नसून चालत नाही. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी निघून त्याच्या आत परतायचं. व्हिएतनामचं नवं वर्ष, टेट, २९ जानेवारीला होऊन गेलेलं. टेटच्या दिवसांत तिथं दुकानं बंद, बसगाड्या भरलेल्या आणि भाव चढलेले असतात. ते टळलं.

आता हिशेब. वहीचं पान मधोमध दुमडून डाव्या बाजूला लिहिला तो निघण्याआधीचाच खर्च. पासपोर्ट १,५०० (३६ पानी, दहा वर्षांचा). विमान कोलकाता ते हनोई आणि सायगाव ते कोलकाता मिळून १७,८००. वर्धा-हावडा स्लीपर येऊन-जाऊन १,३००. कोलकात्यात जाताना एक रात्र आणि येताना एक, १,६००. व्हिसा साधारण २,२००. प्रवास विमा १,७००. बेरीज २६,१००. नांगरणी-बियाण्यासारखाच हा खर्च: पीक चार पोते होवो की चाळीस, तो लागतोच. आठवडाभरासाठी गेलो असतो तर दिवसाला ३,७०० रुपये नुसते याचेच पडले असते. महिन्यावर पसरवले की ८७०. पैसे कमी म्हणून लोक दिवस कमी करतात. मी उलट केलं, दिवस वाढवले.

मुंबईहूनही विमानं होती. पण वर्ध्याहून हावड्याची गाडी थेट मिळते, आणि कोलकात्याहून हनोईचं अंतर कमी, तिकीटही मला स्वस्त मिळालं. गावातून विमानतळापर्यंत पोचायचा खर्च जो तिकिटाच्या भावात धरत नाही त्याचं बजेट घरीच कोसळतं.

पासपोर्टसाठी नागपूरच्या सेवा केंद्रात आधार, दहावीची सनद आणि पॅन घेऊन गेलो, तासाभरात मोकळा झालो. खरा वेळ पोलीस पडताळणीत गेला. व्हिसाचा अर्ज दुकानात बसून स्वतःच भरला. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खासगी साइटी दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, तेवढं पाहायचं. नाव पासपोर्टावर जसं आहे, आडनावासकट, तसंच टाकायचं. कुठून शिरणार तेही नीट लिहायचं. अर्जात चूक राहिली तर २५ डॉलर गेले, ते परत येत नाहीत.

वहीच्या उजव्या बाजूला रोजचे १,५०० रुपये: झोपायला ५००, खायला ५००, बाकी हिंडणं-तिकिटं ५००. तीस दिवसांचे ४५,०००. दोन्ही बाजूंच्या बेरजेनंतर जे उरले, दहा हजारांच्या आतबाहेर, ते अडीनडीला वेगळ्या खात्यात. मात्र हद्द मी दिवसाची नाही, आठवड्याची ठेवली, १०,५००. बसनं गाव बदललं त्या दिवशी १,५०० पुरतच नाहीत. पण पुढचे चार दिवस एकाच जागी राहिलं की ९००-१,००० मध्ये भागतं. परदेशात हलणं महाग आहे, थांबणं स्वस्त. हे कळलं की अर्धं बजेट बसलं.

पैसे नेण्याचं म्हणाल तर नागपुरात परवानाधारक विदेशी चलनवाल्याकडून ४०० डॉलर रोख घेतले. पासपोर्ट, पॅन, तिकिटाची प्रत लागते. एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येते, मला ती मर्यादा काय कामाची! नोटा कोऱ्या मागून घ्याव्या. घडी पडलेल्या, शाई लागलेल्या नोटेला तिकडे भाव कमी मिळतो, कधी घेतही नाहीत. बाकीचे पैसे कार्डावर. साध्या डेबिट कार्डाला परदेशात साडेतीन टक्क्यांपर्यंत जास्तीचे कापतात, म्हणून मार्कअप नसलेलं कार्ड घेतलं. कार्डावरचा परदेशी वापर बंदच असतो, तो अ‍ॅपमधून निघण्याआधी सुरू करायचा. आणि ओटीपी आपल्याच नंबरवर येतो, तेव्हा घरचं सिम फोनमध्येच राहू द्यायचं, रोमिंग सुरू, डेटा बंद. दुसऱ्या खाचेत तिथलं सिम टाकायचं, सातशे-आठशे रुपयांत महिनाभराचा डेटा मिळतो.

बॅगेची गोष्ट सांगतो. तिकीट हातातल्या सामानाचं, ७ किलो. मोठ्या बॅगेला वरचे पैसे पडतात. किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली तर ८ किलो ४००. दुकानात बसलेले चौघं-पाचजण लगेच मदतीला धावले. "जीनपँट काढ बाप्पा, वल्ली झाली तं सुकत नाही." जीनपँट निघाली. मग चार्जरांचा गुंता, मग जाड टॉवेल, त्याच्या जागी पंचा. ७ किलो २०० वर काटा अडला. आईनं जवसाच्या चटणीचा डबा दिला होता, तो काढायला मी तयार नव्हतो. ती स्वतःच म्हणाली, "डबा कायले नेतं? पिशवीत भर ना." स्टीलचा डबा गेला, चटणी राहिली, काटा सातच्या खाली आला.

चटणीनं खाण्याच्या ५०० रुपयांना मोठा हात दिला. मी अंडी-कोंबडी खातो, डुक्कर आणि बैल नाही, आणि माशाचं पाणी (फिश सॉस) तर तिथं निम्म्या जेवणात पडतं. शुद्ध शाकाहारी माणसानं 'कॉम चाय' पाटीच्या खानावळी शोधाव्या. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक मांसाहार टाळतात, तेव्हा अशा जागी गर्दी असते. भात, टोफू, दोन भाज्या दीडशे रुपयांच्या आसपास. सकाळी अंड्याचा 'बान्ह मी', म्हणजे भरलेला पाव, ऐंशी रुपयांत.

हनोईच्या विमानतळावरून टॅक्सी हजार-बाराशे घेते, ८६ नंबरची बस ४५,००० डोंग, म्हणजे दीडशे रुपये. नोटांकडे मात्र लक्ष हवं. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळीच. एक सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेची! मोठ्या नोटा मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचो, पँटच्या खिशात फक्त सुटे.

तिकिटाच्या जागा घरूनच तीन ठरवल्या होत्या. निन्ह बिन्हजवळ त्रांग आनची होडी २,५०,००० डोंग, ह्युएचा राजवाडा २,००,०००, 'मी सोन' या गावाजवळची देवळं १,५०,०००. तिन्ही मिळून दोन हजार रुपयांच्या वर थोडे. हा लाँगची क्रूझ सोडली, तिच्यात एका रात्रीत आठवड्याचे पैसे गेले असते. 'मी सोन' मात्र कोणी चुकवू नये. तिथल्या जुन्या चाम राजांची शंकराची देवळं, विटांची. आपल्या पुरातत्त्व खात्यानं तिथल्या काही देवळांचं काम केलं आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग निघालं.

निन्ह बिन्हला सगळ्यात जास्त राहिलो. घरगुती मुक्कामात सायकल फुकट होती आणि आठवड्याचं भाडं एकदम दिलं तर दिवसाला शंभरेक रुपये कमी. मार्चमध्ये आमच्याकडे वावरं उघडी पडलेली असतात, तिथं नुकतं लावलेलं धान होतं. बांधावर सायकल लावून पाणी कुठून कुठं सोडतात हे पाहण्यात माझे दोन दिवस गेले, खर्च शून्य.

लांबच्या टप्प्यांना रात्रीची स्लीपर बस घेतली. चढताना जोडे काढून पिशवीत घ्यायचे, आडवं पडायचं, त्या रात्रीचं भाडं वाचतं. ह्युए ते दा नांग मात्र दिवसा रेल्वेनं जावं. हाय व्हान घाटात गाडी समुद्राच्या कडेकडेनं जाते आणि तिकीट चारशे रुपयांच्या आत.

भाड्याची मोटारसायकल घेतली नाही. भारतातला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या रस्ते-वाहतूक कराराचा, व्हिएतनाम १९६८ चा मानतं. म्हणजे आपला परवाना तिथं चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. बरेचजण घेतात, पोलीसही कुठं कुठं सोडून देतात. पण १,७०० रुपयांचा विमा काढून तो आपणच निकामी करायचा, हे मला पटलं नाही.

सायगावला पोचेपर्यंत रोजची सरासरी १,४६० वर आली होती. अडीनडीच्या पैशांतून एकदाच, दाढ दुखली तेव्हा, डॉक्टरला १,९०० दिले. उरलेले तसेच परत आले आणि खरिपाच्या खतात गेले.

काकाचा पोरगा पुढच्या हंगामानंतर जायचं म्हणतो. वहीच्या त्या पानाचा फोटो त्याला पाठवला आणि टेटची तारीख वर लाल शाईनं लिहून दिली: २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी. पासपोर्टाचा अर्ज त्यानं अजून भरलेला नाही.