जनता, अगदी जवळून

दुपारचं ऊन कपाटाच्या उघड्या खणात शिरलं की आत पडलेलं एचएमटीचं ‘जनता’ घड्याळ चमकतं आणि हात कॅमेऱ्याकडे जातो. अगदी जवळून फोटो काढणाऱ्या मॅक्रो लेन्सची किंमत ऐकली की तोच हात मागे येतो, म्हणून एक्स्टेन्शन ट्यूब. आत भिंग नाही, काही नाही; लेन्सला कॅमेऱ्यातल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरपासून लांब नेणारी नुसती पोकळ नळी. घेताना आतल्या सोनेरी पिना तेवढ्या बघाव्यात. त्या नसल्या तर आजकालच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

वस्तू किती मोठी उतरेल याचा हिशोब शाळकरी आहे: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिच्यावर लिहिलेला मिमीचा आकडा. ५० मिमीच्या लेन्सला ३६ आणि १२ च्या नळ्या एकावर एक लावल्या की वस्तू सेन्सरवर जवळजवळ मूळ आकारात उतरते. म्हणजे अख्खी तबकडी मावतच नाही. शिवाय दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे चौथाईच उरतो, आणि भोक एफ ८ इतकं बारीक करून सुद्धा जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. काटा धरला तर खालची अक्षरं गेली. फोकसची रिंग फिरवत बसण्यात अर्थ नाही. कॅमेराच केसभर पुढेमागे सरकवायचा, दहा-पंधरा फोटो काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर त्यांचे स्पष्ट भाग जोडायचे. टायमर दोन सेकंदांचा, बटण दाबताना कॅमेरा हलतो म्हणून. पेठेतल्या वाड्यात लाकडी तक्तपोशीवर ट्रायपॉड असेल, तर रस्त्यावरची बस जाईपर्यंत थांबायचं. पंखाही बंद.

काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, हे ओघानं आलंच. पण जनताची चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. सेकंदाला पाच उड्या मारत तो फोटोत भुतासारखा उमटतो. दोन दिवस चावीच द्यायची नाही, की थांबतो. कुठे, ते त्याच्या मर्जीवर.

काचेत खिडकी दिसते ती बटरपेपरनं घालवायची. अप्पा बळवंत चौकात तो मिळतो आणि काळा कार्डशीटही. कार्डाला भोक पाडून लेन्स त्यातून काढली की कॅमेऱ्याचं प्रतिबिंब जातं. उरते धूळ. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. रबरी ब्लोअर वापरायचा.

घड्याळजीच्या डोळ्यावरचं ते काळं भिंग लहानपणी कोणाला नको होतं? तो कधी द्यायचा नाही. त्यातून त्याला काय काय दिसत असेल, ते आता स्क्रीनवर दिसतं. काच प्लास्टिकची, तिच्यावर ओरखड्यांचं जाळं. टूथपेस्टनं घासली तर बरेचसे जातात, पण घासू नये. ज्यांच्या मनगटावर ते पडले, त्यांच्या तेवढ्याच खुणा. पट्ट्याच्या खाचेतला मळ मात्र काढावा. तोही त्यांचाच, पण असू दे.